बगळा मास्तरांची हरवलेली चित्रं

१

ब्रतीन गुहठाकुरताने कात्रीने लाल दोरा कापला, खाकी कागद उलगडला आणि थाटात म्हणाला, "या, बगळा मास्तर, बाहेर या! पोरं वाट बघताहेत!"

खोलीत हशा पिकला. हातात द्रोण, द्रोणात दह्यात कालवलेल्या लाह्या, असे दहाबारा जण दाटीवाटीने उभे होते. कोणी गोष्टी लिहिणारे, कोणी छापणारे, कोणी नुसतेच प्रसादाला आलेले.

ब्रतीनने पहिला कागद उचलला. मग दुसरा. मग घाईघाईने उरलेले सगळे.

ते कोरे होते. जाड, दुधाळ, उत्तम प्रतीचे कागद, आणि एकावरही रंगाचा ठिपका नाही.

"ही काय थट्टा आहे?" तो म्हणाला. कोपऱ्यातल्या सरस्वतीच्या मूर्तीच्या गळ्यातली कालच्या पूजेची पलाशफुलं कोमेजली होती. तिच्याच पायाशी हे पुडकं काल दिवसभर आणि रात्रभर होतं.

कलकत्त्याच्या बोईपाड्यात, म्हणजे पुस्तकांच्या बाजारात, पटुआटोला गल्लीतल्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावरची दीड खोली म्हणजे 'डांगुली प्रकाशनी'. डांगुली म्हणजे आपला विटीदांडू. मुलांची पुस्तकं सोडून दुसरं काही छापायचं नाही, ही ब्रतीनच्या वडिलांची शपथ. ती पाळता पाळता मुलगा मेटाकुटीला आला होता. आता त्याची सारी भिस्त 'बगळा मास्तरांची पाठशाळा' या एका पुस्तकावर होती. त्याची चित्रं काढली होती इंद्रभूषण लाहिडींनी. ब्रतीन त्यांना ज्येठू म्हणायचा, म्हणजे थोरले काका. बंगालमधल्या दोन पिढ्यांना मांजर कसं दिसतं हे मांजर बघायच्या आधी लाहिडींच्या चित्रातून कळलं होतं. म्हाताऱ्याचे डोळे आता थकले होते आणि त्यांनीच सांगून टाकलं होतं, की हे शेवटचं. यानंतर कुंचला हातात धरणार नाही.

म्हणजे गेलेली चित्रं पुन्हा काढून मिळणार नव्हती.

ब्रतीनचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "काल रात्री इथे कोण होतं?"

उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. देवीपुढचा दिवा रात्रभर तेवत ठेवायचा असतो. त्यासाठी थांबली होती ती तिस्ता मंडल, पुस्तकांची पानं मांडणारी पोरगी. एकेक करून सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिच्या हातातला द्रोण कलंडला आणि दही तिच्या पिवळ्या साडीवर ओघळलं.

"मी हातसुद्धा लावला नाही, ब्रतीनदा."

"मग काय देवी चित्रं घेऊन हंसावर बसून गेली?" ब्रतीन जिन्याच्या तोंडाशी गेला आणि असा ओरडला, की खालच्या दुकानांतली गिऱ्हाइकंसुद्धा वर बघू लागली. "चोर! माझ्याच घरात चोर! मी पोसलेली चोर!"

मग तो आत वळला. "दुपारी मूर्ती विसर्जनाला निघेल. तोवर चित्रं परत आली नाहीत, तर मी मूर्तीच्या मागे गंगेवर जाणार नाही. सरळ ठाण्यावर जाईन."

खिडकीजवळच्या स्टुलावर बसलेल्या एका म्हातारीने द्रोण शांतपणे खाली ठेवला.

"ब्रतीन," ती म्हणाली, "आधी पाणी पी."

२

ती म्हातारी म्हणजे कनकलता भादुडी. गल्लीच्या टोकाच्या प्राथमिक शाळेत बाई, म्हणजे तिकडच्या भाषेत दिदिमणी, म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. ब्रतीनला पाढे त्यांनीच शिकवले होते. दर सरस्वती पूजेला आसपासची चिमुरडी त्यांच्या मांडीवर बसून पाटीवर पहिलं अक्षर गिरवत. कालही गिरवलं होतं. एक पोरगी पाटी सोडून दिदिमणींच्या नाकावरच खडू ओढून गेली, तरी त्या हसतच होत्या. वर्गात खोडी कोणी काढली हे त्या आवाज न चढवता शोधून काढत, आणि सापडलेल्या पोराचं नाव चारचौघांत घेत नसत. गल्लीत त्यांचा हा लौकिक होता.

"दुपारपर्यंतचा वेळ मला दे," त्या ब्रतीनला म्हणाल्या. "आणि या मंडळींना घरी पाठव. वर्ग भरलेला असला की कोणी खरं बोलत नाही."

पुस्तकांच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या अर्ध्या खोलीत तिस्ता भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. दिदिमणींना तेच जास्त काळजीचं वाटलं.

"रात्री कोणी आलं होतं?"

"प्रद्योतदा. साडी वाळत घालायला मी गच्चीवर गेले होते, खाली आले तर ते दारात उभे. म्हणाले, चष्मा विसरला. चष्मा तर त्यांच्या खिशातच होता."

"हे ब्रतीनला का नाही सांगितलंस?"

"चोर म्हटल्यावर माणसाने दुसऱ्याचं नाव घेतलं, तर लोक काय म्हणतात, दिदिमणी?" तिस्ताने मान वर केली. "मी गोसाब्याची. नदीपल्याडची, वाघांच्या रानालगतची. बाबा खेकडे पकडतात. या गल्लीत मला काम मिळालं ते ब्रतीनदांच्या शब्दावर. आता त्यांच्याच तोंडून हे ऐकल्यावर मला इथे दारात कोण उभं करेल? आणि गावी जाऊन तरी काय सांगू? सगळे विचारतील, का आलीस परत?"

दिदिमणींनी तिच्या साडीवरचं वाळलेलं दही पदराच्या टोकाने पुसलं.

प्रद्योत म्हणजे ब्रतीनचा चुलतभाऊ, धंद्यातला भागीदार. ही दीड खोली आणि सारी पुस्तकं एखाद्या मोठ्या प्रकाशकाला देऊन मोकळं व्हावं, असं तो उघडपणे बोलायचा. तो जिन्यात उभा राहून सुपारी कातरत होता.

"खिशात चष्मा असताना चष्मा शोधायला आलास म्हणे?"

प्रद्योत दचकला आणि मग हसला. "वाघाच्या गावची पोर, तिची नजर तीक्ष्णच असणार! बरं, सांगतो. चित्रं बघायला आलो होतो. नुसती बघायला. लाहिडींची शेवटची चित्रं म्हटल्यावर घेणारे रांगा लावतील, मी ब्रतीनला किती वेळा सांगितलं. पण तो म्हणतो, मुलांची चित्रं मुलांची."

"मग बघितलीस?"

"छे!" प्रद्योत एकदम गंभीर झाला. "दिदिमणी, मी लोभी असेन, पण बंगाली आहे. पूजेच्या दिवशी देवीच्या पायाशी ठेवलेली विद्या उचलायची? लहानपणी त्या दिवशी चुकून पाटी उघडली, तर आईने कान लाल केला होता. पुडक्याशी गेलो, हात पुढे केला आणि उलट्या पावली परत आलो."

"आणि ती उचलेल?"

प्रद्योतने सुपारी तोंडात टाकली. "कोणीतरी उचललीच ना?"

सकाळपासून सगळे हाच एक प्रश्न विचारत होते: देवीच्या पायाशी हात घालायची हिंमत कोणाची झाली? आणि वर्गात सगळी पोरं एकच उत्तर ओरडू लागली, की दिदिमणींना नेहमी वाटायचं, प्रश्नच चुकीचा घातला गेलाय.

३

निर्माल्याची परडी अजून देवीपुढेच होती. त्यात फुलं, दुर्वा, जवाच्या ओंब्या, आणि सकाळी ब्रतीनने कापून टाकलेला लाल दोरा.

दिदिमणींनी तो अलगद उचलून खिडकीत नेला.

"ब्रतीन, तू गाठ सोडली नाहीस?"

"सुटेना. फार घट्ट होती. म्हणून बाजूने कापला."

"बरं केलंस. ही गाठ बघ."

गाठीवर चंदनाचा टिळा होता. काल पूजेला बसताना पुरोहिताने प्रत्येक पुस्तकावर, दौतीवर, आणि या पुडक्याच्या गाठीवर बोटाने चंदन लावलं होतं. ते वाळून चकतीसारखं घट्ट झालं होतं, आणि त्यात पलाशाची एक पाकळी रुतून बसली होती. चकतीला साधी चीरही नव्हती.

"गाठ सोडली असती तर चंदन भुगा होऊन पडलं असतं," दिदिमणी म्हणाल्या. "दोरा उभा-आडवा बांधलेला होता, तो न सोडता कागद काढता येत नाही. म्हणजे पूजा सुरू झाल्यापासून सकाळी तू कात्री लावेपर्यंत हे पुडकं कोणी उघडलेलं नाही. तिस्ताने नाही आणि चष्मा शोधणाऱ्यानेही नाही."

ब्रतीन मटकन खुर्चीत बसला. "म्हणजे चित्रं त्याआधीच..."

"त्याआधीच. आता सांग, पूजेआधी पुडकं कोणाच्या हातात होतं?"

ब्रतीनने ओठ चावला. त्याच्या डोळ्यांत पुन्हा तोच विखार चढताना दिदिमणींना दिसला, आणि आपण काय करून बसलो हे त्यांना क्षणभर उशिरा उमगलं.

"ज्येठूंना बराहनगरहून आणायला टॅक्सी घेऊन कोण गेलं होतं, माहीत आहे?" ब्रतीन म्हणाला. "तिस्ता! येताना पुडकं तिच्यापाशी. प्रद्योत तर उशिरा, पुष्पांजलीच्या वेळी आला, तो सुटला. मी दारातच होतो, सगळ्यांसमोर ज्येठूंनी स्वतः ते देवीपुढे ठेवलं. रात्र वगळलीत ना दिदिमणी, आता उरलं कोण? फक्त तीच!"

रात्रीसाठी दोघांवर संशय होता. टॅक्सीसाठी एकटीच उरली. तिस्ताला सोडवायला निघालेल्या दिदिमणींनी तिच्याभोवतीचा फास आणखी आवळला होता.

अर्ध्या खोलीच्या दारात तिस्ता उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"पुडकं माझ्यापाशी नव्हतं," ती म्हणाली. "मी मागितलं होतं. म्हटलं, ज्येठू, जड आहे, द्या मांडीवर. त्यांनी दिलं नाही. श्यामबाजारला मी फुलं घ्यायला उतरले, तेव्हाही ते छातीशी धरून बसले होते."

"तुझ्याशिवाय याला साक्षी कोण?"

"ज्येठू स्वतः."

"त्यांना फोन केला होता मी," ब्रतीन कडवटपणे म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला किती धक्का बसला असेल!"

दिदिमणी वळल्या. "फोनवर तू नेमकं काय म्हणालास?"

"म्हटलं, ज्येठू, घात झाला, चित्रं चोरीला गेली."

"आणि ते?"

"कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, 'चोरीला?' आणि फोन ठेवला."

"कोणी चोरली असं नाही विचारलं? कशी गेली, कधी गेली?"

"नाही."

"ब्रतीन, ती चित्रं तू पाहिली होतीस?"

"ज्येठू पुरं होईस्तोवर कोणाला काही दाखवत नाहीत. बाबांनासुद्धा कधी दाखवलं नाही. आणून दिलं की देवीच्या पायाशी, आणि तिथून छापखान्यात, हाच रिवाज."

"म्हणजे," दिदिमणी सावकाश म्हणाल्या, "जी चित्रं हरवली म्हणून आपण सकाळपासून एका पोरीचा जीव घेतोय, ती आपल्यापैकी कोणीच पाहिलेली नाहीत."

४

कोरे कागद टेबलावर तसेच पडले होते. दिदिमणींनी एक कागद खिडकीच्या उजेडात तिरका धरला.

शाळेत भूगोलाचे मोठाले नकाशे त्यांनी स्वतः रंगवले होते. सुरुवातीला पाण्याचा रंग लागला की कागद पापडासारखा वाकायचा आणि बंगालचा उपसागर डोंगरावर चढायचा. मग त्या शिकल्या. कागद आधी पाण्यात भिजवायचा, फळीवर पसरायचा, चारी कडांना डिंकाची पट्टी चिकटवायची. वाळला की तो ढोलकीच्या कातड्यासारखा ताणून बसतो. चित्र पुरं झालं की सुरीने सोडवायचा.

हातातल्या कागदाच्या चारी कडांना बोटभर रुंदीचा फिकट तपकिरी पट्टा होता. डिंकाचा. एका कोपऱ्यात सोडवताना सुरी जरा घसरल्याची खूण होती. त्यांनी दुसरा कागद धरला. तोच पट्टा. तिसरा, चौथा, सगळ्यांना तसाच.

टॅक्सीतला चोर असता, तर त्याने चित्रांच्या जागी काय कोंबलं असतं? रद्दी. फार तर दुकानातला कोरा कागद. एकेक कागद भिजवून, ताणून, वाळवून, हलक्या हाताने सोडवून, वर एकही रेघ न ओढता परत गठ्ठ्यात ठेवायला चोराला फुरसत कुठली? आणि कशासाठी?

हे काम चित्र काढायला बसलेल्या माणसाचं होतं. कोणीतरी पुन्हा पुन्हा चित्र काढायला बसलं होतं.

कोडं सुटलं की वर्गात त्यांना गंमत वाटायची. आज वाटेना.

"मी बराहनगरला जाऊन येते," त्या म्हणाल्या.

"मी येऊ?" ब्रतीनने विचारलं.

"नको. आणि मी येईपर्यंत या मुलीला एक शब्द बोललास, तर या वयातही तुला बाकावर उभा करीन."

५

दार लाहिडींच्या बायकोने, अमियाबौदींनी उघडलं. दिदिमणींना बघून त्यांचा चेहरा उतरला आणि तेवढ्याच चटकन सावरला.

"या ना, कनकदी. अहो, ऐकलंत का? कनकदी आल्यात. खिडकीसमोरच्या खुर्चीत बसल्यात हो."

इंद्रभूषण लाहिडी खाटेवर बसले होते. त्यांनी मान बरोबर खुर्चीकडे वळवली. "ये, कनक. तब्येत छान दिसतेय."

दिदिमणी गेल्या महिन्यात तापाने निम्म्या झाल्या होत्या. भेटेल तो आधी तेच बोलत होता.

बौदी चहा घेऊन आल्या. दिदिमणींचा पेला त्यांनी मुकाट्याने ठेवला. नवऱ्यापुढचा ठेवताना मात्र बशीवर चमचा हलकेच वाजवला. म्हाताऱ्याचा हात त्या आवाजाच्या मागोमाग गेला आणि पेल्याच्या कानाला अचूक लागला.

"चित्रं गेली, ऐकलंत ना," दिदिमणी म्हणाल्या.

"ऐकलं."

"कशी होती हो? मला बघायलाच मिळाली नाहीत."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. ते बोलू लागले. पहिल्या चित्रात पहाटेची खाजण, गुडघाभर धुकं, त्यात एका पायावर उभे बगळा मास्तर, काखेत छत्री. पुढे मास्तर हजेरी घेतात, मासळ्या पाण्यातून नुसते डोळे वर काढून 'हजर' म्हणतात, कारण मास्तरांना भूक लागली असेल तर काय घ्या! एक आगाऊ कोळंबी पहिल्या बाकावर बसते. पुराच्या दिवशी शाळाच वाहून जाते आणि मास्तर फळा डोक्यावर घेऊन पोहायला शिकतात. प्रत्येक रंग, प्रत्येक सावली. ऐकता ऐकता दिदिमणींना हसू आलं.

त्यांना वर्ग आठवला. ज्या पोराने गृहपाठ केलेला असतो, ते वही पुढे सरकवतं आणि गप्प बसतं. ज्याची वही कोरी असते, तेच सांगत सुटतं, आणि किती सुंदर सांगतं!

खिडकीजवळ तिरकी फळी होती. तिच्यावर एक कागद ताणून बसवलेला, चारी कडांना डिंकाची पट्टी. पांढराशुभ्र. शेजारच्या पेल्यात कुंचले उभे होते, केस काडीसारखे ताठ, कोरडे.

"इंदुदा," दिदिमणी हळूच म्हणाल्या, "फळीवरचा कागद कधी ताणला?"

म्हातारे थांबले. बौदींनी पदर तोंडाशी नेला.

"दर सोमवारी ताणायला लावतात मला," बौदी म्हणाल्या. "सकाळी समोर जाऊन बसतात. जेवायला हाक मारेपर्यंत बसतात. आठवड्याने मी तो सोडवते आणि दुसरा लावते. काचबिंदू आहे म्हणे. डॉक्टरने मागच्या वर्षीच हात टेकले."

"अमिया!"

"आता तरी बोलू द्या मला! एकटीने किती दिवस हे वागवू?"

खालून मुलांच्या खेळण्याचा गलका येत होता.

"सगळं डोक्यात होतं, कनक," म्हातारे शेवटी म्हणाले. "अजून आहे. वाटायचं, उद्या थोडं दिसेल. ब्रतीन विचारायचा, मी म्हणायचो, होतंय. मग नाही म्हणायची वेळच निघून गेली. म्हटलं, पूजेला देऊ. त्या दिवशी कोणी उघडणार नाही. दुसऱ्या दिवशी ब्रतीन एकटा उघडेल, कोरे कागद बघेल, समजेल. मला तोंडाने सांगावं लागणार नाही. त्याने फोन केला, मी श्वास रोखून बसलो होतो. आणि तो म्हणाला, चोरीला गेली." ते ओशाळं हसले. "मी खोटं बोललो नाही, कनक. खोटं त्यानेच आणून हातात दिलं. मी फक्त परत केलं नाही."

"का?"

"चोरीला गेलेली चित्रं कधी वाईट नसतात. लोक म्हणतील, काय असतील ती! एवढंच मला राहू दे."

"आणि चोर?"

"कोण चोर? चोर नाहीच तर..."

"तिस्ता आहे चोर," दिदिमणी म्हणाल्या. "ब्रतीनने जिन्यात उभं राहून साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलंय. दुपारी पोलिसात देणार आहे. तुम्हाला टॅक्सीतून हात धरून उतरवणारी मुलगी. तुमच्याशिवाय तिला साक्षी नाही."

म्हाताऱ्याने पेला चाचपत खाली ठेवला. "मला... मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. दिदिमणी उठल्या.

"मी कोणाचं नाव चारचौघांत घेतलेलं नाही, इंदुदा, या वयात घेणार नाही. तिस्ता निर्दोष आहे हे मी ब्रतीनला सांगेन. तो माझं ऐकेल. पण गल्ली माझं ऐकेल की नाही, ते मला माहीत नाही."

त्या जिना उतरल्या. मागून हाक येईल म्हणून फाटकाशी घुटमळल्या.

हाक आली नाही.

६

दिदिमणी परतल्या, तेव्हा मूर्तीला शेवटचं कुंकू लावून झालं होतं. हमाल जिन्यात दोर घेऊन उभे होते, आणि खालच्या दुकानांतली माणसं तमाशा बघायला पायऱ्यांवर जमली होती.

"चोरी झालेली नाही," दिदिमणी दार लोटून म्हणाल्या. "तिस्ताने काही घेतलेलं नाही. कोणीच नाही. याहून जास्त मला विचारू नकोस."

त्यांनी डिंकाचा पट्टा दाखवला, कागद तिरका धरून दाखवला. ब्रतीन मूर्ख नव्हता. त्याने कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू विरून तिथे काहीतरी फार थकलेलं येऊन बसलं.

"एकदा सांगितलं असतं," तो पुटपुटला. "नुसतं एकदा. मी काय केलं असतं? काहीच बोललो नसतो."

प्रद्योतने कागद हातात घेतला, बघितला आणि पहिल्यांदाच त्याला टोमणा सुचला नाही.

ब्रतीन तिस्ताजवळ गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "चूक झाली माझी. डोकं ठिकाणावर नव्हतं. विसरून जा."

तिस्ता आपली पिशवी खांद्याला लावत होती.

"चोर म्हणालात तेव्हा आवाज एवढा हळू नव्हता, ब्रतीनदा."

"म्हणजे?"

"सकाळपासून हे सगळे माझ्याकडे बघताहेत. चहावाला, बाइंडर, समोरचे शिकवणीवाले. खोलीत मी चोर नसले तर काय उपयोग? जिन्यात तर आहेच." तिचा आवाज कापला, पण ती थांबली नाही. "मी इथे पुन्हा कामाला येईन की नाही, ते माझं मी बघीन. पण या पायऱ्या मी चोर म्हणून उतरणार नाही."

ब्रतीनने दिदिमणींकडे बघितलं. त्यांनी मदत केली नाही.

तो जिन्याच्या तोंडाशी गेला. सकाळी तिथेच उभा राहिला होता. सकाळी शब्द आपोआप आले होते, आता ओढून काढावे लागत होते.

"ऐका," तो म्हणाला. मग मोठ्याने, "ऐका सगळे! तिस्ताने चोरी केलेली नाही! मी खोटं बोललो. ती निर्दोष आहे!"

पायऱ्यांवर कुजबूज झाली. चहावाल्याने किटली खाली ठेवली. "मग चोर कोण, दादा?"

"कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे? चित्रं गेली ना?"

"अरे, मिटवलं असेल आपसांत," बाइंडरच्या दुकानातून कोणीतरी म्हणालं, आणि दोघेतिघे हसले.

ब्रतीनचं तोंड उघडं राहिलं. पुढचं वाक्य त्याच्यापाशी होतं, पण ते त्याचं नव्हतं. तिस्ताने डोळे मिटले. दिदिमणींना वाटलं, सत्य एवढं हातात असून पोरीच्या काहीच कामाचं नाही. त्यांनी कठड्याला धरलं. आयुष्यभराचा नेम मोडायला त्या तोंड उघडणार, एवढ्यात खालची गर्दी आपोआप दुभंगली.

अमियाबौदी जिना चढत होत्या. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, पाऊल चाचपत, इंद्रभूषण लाहिडी. धोतराचा सोगा एका हातात, श्वास फुललेला. मधल्या वळणावर ते थांबले आणि त्यांनी चेहरा वर केला. जिथे ब्रतीन उभा होता तिकडे नाही, जरा बाजूला, रिकाम्या भिंतीकडे.

"चित्रं नव्हतीच," ते म्हणाले. "मी काढलीच नाहीत. मला दिसत नाही. वर्ष होऊन गेलं. कोरे कागद बांधून देवीच्या पायाशी ठेवले ते मी. त्या मुलीने मला फक्त गाडीतून उतरवलं."

कोणी हसलं नाही. चहावाल्याने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. ब्रतीन कठड्यावर डोकं टेकून उभा राहिला. पुस्तकाचं काय होणार, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात आला असेल, पण तो तिथे कोणी विचारला नाही.

"ज्येठू, वर या ना," ब्रतीन घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बसा थोडं."

"नको. सांगायचं ते सांगितलं. आता घरी जातो."

ते वळायला गेले. मधलं वळण अरुंद होतं, बौदी मागे अडकल्या. तिस्ता केव्हा पायऱ्या उतरून खाली पोहोचली, ते कोणाला कळलं नाही. तिने ना नमस्कार केला, ना माफ केलं म्हणाली. चेहरा अजून घट्टच होता. तिने नुसता हात पुढे केला.

"पायरी आहे, ज्येठू."

"दिसतेय मला," म्हातारे सवयीने म्हणाले.

पाऊल अधांतरी थांबलं. साऱ्या गल्लीसमोर ते क्षणभर तसेच उभे राहिले.

"नाही," ते म्हणाले. "नाही दिसत. धर मला."